हातातले आणि हाताबाहेरचे: एपिक्टेटसची तालीम

स्टोइक विचारपरंपरा झेनोने अथेन्समध्ये इ.स.पू. 300 च्या सुमारास सुरू केली. पण हाताबाहेरच्या गोष्टींशी माणसाने कसे वागावे, हे तिच्यात सर्वांत परखडपणे सांगितले ते एकेकाळी गुलाम असलेल्या माणसाने. एपिक्टेटस इ.स. 50 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील हिएरापोलिस येथे जन्मला. रोममध्ये तो नीरोच्या दरबारातील एका बड्या अधिकाऱ्याचा गुलाम होता, आणि पायाने अधू होता. पुढे तो स्वतंत्र झाला. सम्राट डोमिशियनने तत्त्वज्ञांना रोममधून हद्दपार केल्यावर त्याने ग्रीसमधील निकोपोलिसला शाळा काढली. तिथली त्याची शिकवण एरियन या शिष्याने टिपून ठेवली, म्हणून ती आज वाचायला मिळते.

त्याने केलेली वाटणी रोखठोक आहे. आपली मते, इच्छा, नावडी आणि निश्चय आपल्या हाती. पैसा, लौकिक, अधिकार आपल्या हाती नाहीत. शरीरही नाही. गुलामी भोगलेला, लंगडत चालणारा माणूस हे सांगतो, तेव्हा त्याला वजन येते.

वाटणी पाठ करणे सोपे; ती ऐन वेळी आठवावी यासाठी सराव लागतो, आणि या शिकवणीचा खरा कस तिथेच आहे. सार्वजनिक स्नानगृहात जायचे असेल, तर तिथे काय चालते ते एपिक्टेटस आधीच डोळ्यांसमोर आणायला सांगतो. कुणी पाणी उडवतो, कुणी धक्का मारतो, कुणी शिव्या देतो, कुणी वस्तू लांबवतो. निघतानाच ठरवायचे, की अंघोळ करायची आहे आणि मनाचा तोलही राखायचा आहे. मग कुणी अंघोळीत व्यत्यय आणला तरी दुसरा बेत शाबूत राहतो. त्याच्या स्वतःच्या घरातून देवांपुढचा लोखंडी दिवा चोरीला गेला. उद्या मातीचा मिळेल, असे म्हणून त्याने तो विषय मिटवला. दिव्यापायी आपला प्रामाणिकपणा घालवून बसलेल्या चोराचेच नुकसान मोठे, असा त्याचा हिशेब होता.

म्हणजे प्रयत्न सोडायचा का? मुळीच नाही. सिसेरोने नोंदवलेल्या स्टोइक दाखल्यातला तिरंदाज नेम धरण्यात कसूर करत नाही. बाण लागणे मात्र तो आपल्या यशाचे माप मानत नाही. सम्राट मार्कस ऑरेलियसने डॅन्यूबकाठच्या युद्धांच्या काळात हेच विचार स्वतःपुरते लिहून ठेवले, आणि युद्धाची जबाबदारीही टाळली नाही.

अन्याय सोसणाऱ्याला ही शिकवण गप्प बसवते, हा आक्षेप गंभीर आहे. गुलामगिरी मोडून काढा, असे एपिक्टेटसने कुठे सांगितले नाही, ही त्याची मर्यादाच. पण त्याच्या विचारांतून प्रतिकारालाही बळ मिळाले आहे. अमेरिकन वैमानिक जेम्स स्टॉकडेल 1965 मध्ये व्हिएतनाममध्ये पकडले गेले. एपिक्टेटस त्यांनी आधी वाचलेला होता. सात वर्षांहून अधिक कैदेत छळ सोसत त्यांनी सहकैद्यांची फळी बांधली; भिंतीवर टकटक करून निरोप पोचवले जात.

1950 च्या दशकात मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांनी घटनेपेक्षा तिच्याविषयीचे मत माणसाला अधिक छळते, हे एपिक्टेटसचे सूत्र उपचारात आणले. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत रुजवली. त्यात रुग्ण आपला 'असे व्हायलाच हवे' हा हट्ट शोधून काढतो आणि तो तपासून पाहायला शिकतो.