विमानांची कुळकथा

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरी गेलेल्या यजमानाला तेथील तीर्थोपाध्याय आधी आडनाव विचारतात आणि मग मूळ गाव. तेवढ्यावरून ते जुनी वही काढतात आणि पणजोबा कोणत्या साली, कोणाच्या अस्थी घेऊन आले होते, हे वाचून दाखवतात. पिढ्यान् पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना तर आपले मूळ गाव पुष्कळदा त्या वहीतूनच कळते. विमानांचीही अशीच वही असते, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

प्रत्येक विमानाला कारखान्यात एक क्रमांक मिळतो आणि तो सांगाड्यावरील पट्टीवर कोरला जातो. मालक बदलला, रंग बदलला, देश बदलला, तरी हा क्रमांक बदलत नाही. लष्करात गेल्यावर त्याला लष्करी क्रमांक मिळतो आणि प्रवासी वाहतुकीत आल्यावर नागरी नोंदणीची अक्षरे मिळतात. भारतातील नागरी विमानांवर 'व्हीटी' ही अक्षरे असतात. 'व्हाइसरॉयचा मुलूख' असा त्यांचा अर्थ लोकांत रूढ आहे, पण तो खरा नव्हे. बिनतारी संदेशांसाठी जगातील देशांना संकेताक्षरे वाटून देण्यात आली, तेव्हा ही अक्षरे हिंदुस्थानच्या वाट्याला आली. या तीन खुणा एकमेकींशी जुळवीत गेले की विमानाची जन्मापासून अंतापर्यंतची कथा हाती येते. हैदराबादशी संबंध असलेल्या काही विमानांच्या अशा कथा आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पहिली कथा एका देणगीची आहे. पहिल्या महायुद्धात सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ब्रिटिश सरकारला सढळ हाताने मदत केली. ब्रिटिश वायुदलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीची पहिली विमाने त्यांच्याच पैशातून आली. ही 'डीएच ९ ए' जातीची, दोन आसनांची बाँबफेकी विमाने होती आणि त्यांना चारशे अश्वशक्तीचे अमेरिकन 'लिबर्टी' इंजिन बसवलेले असे. प्रत्येक विमानावर ते निजामाची देणगी असल्याचा लेख रंगवलेला होता. त्यामुळे या तुकडीला 'हैदराबाद' हे नावच मिळाले. सप्टेंबर १९१८ च्या प्रारंभी ती फ्रान्समध्ये दाखल झाली आणि नोव्हेंबरात युद्ध संपले. त्या दहा आठवड्यांत तिने साडेदहा टन बाँब टाकले आणि सतरा विमाने बहुतांशी शत्रूच्या माऱ्यात गमावली. आणखी अठ्ठावीस विमाने अपघातांत मोडली.

गमावलेल्यांपैकी एक होते 'एफ १०१०'. इंग्लंडमधील येओव्हिल येथील वेस्टलँड कारखान्यात ते तयार झाले होते. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी जर्मनीवरील मोहिमेत ते शत्रूच्या प्रदेशात उतरले. कॅप्टन इंग्लिस आणि सेकंड लेफ्टनंट बॉडली हे त्यातील दोघे वैमानिक कैद झाले. विमान जर्मनांनी विजयचिन्ह म्हणून जपले आणि पुढे ते बर्लिनच्या मोठ्या विमानसंग्रहालयात आले. दुसऱ्या महायुद्धात त्या संग्रहालयावरच बाँब पडले. तत्पूर्वी तेथील काही विमाने पूर्वेकडे हलवण्यात आली होती आणि युद्धानंतर तो भाग पोलंडकडे गेला. अशा रीतीने निजामाच्या देणगीचे हे विमान क्राकूवच्या संग्रहालयात पोहोचले. १९७७ मध्ये ब्रिटिश वायुदलाच्या संग्रहालयाने त्याच्या बदल्यात एक 'स्पिटफायर' विमान देऊन ते परत मिळवले. मूळ पंख काळाच्या ओघात नाहीसे झाले होते, ते नव्याने बांधण्यात आले. आज ते लंडनमध्ये हेंडन येथे उभे आहे.

या विमानाचा अभिमान धरावा की खेद, हा प्रश्न आम्हांला पडतो. लेखात नाव निजामाचे आहे, परंतु संस्थानची तिजोरी भरत होती ती रयतेच्या साऱ्यातून. त्या रयतेत तेलंगणाचा शेतकरी होता, कानडी मुलखातला होता आणि औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या मराठवाड्यातील जिल्ह्यांतलाही होता. १९१८ साली पाऊस रुसला होता आणि त्याच ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाची साथ दख्खनभर माणसे नेत होती. ज्यांच्या घामाचा पैसा त्या पंखांत गेला, त्यांनी ते विमान कधी पाहिले नाही. त्यांची नावे कोठे रंगवली गेली नाहीत. तरीही त्यांच्या त्या दानाचा एक लाकडी पुरावा शिल्लक आहे आणि तो ओळखता येतो तो केवळ एका क्रमांकामुळे.

दुसरी कथा आहे आपली ओळख लपवू पाहणाऱ्या विमानांची. १९४८ च्या उन्हाळ्यात हिंदुस्थान सरकारने हैदराबाद संस्थानची नाकेबंदी केली होती. तेव्हा सिडने कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीच्या अंधारात शस्त्रे आणून बिदर, वरंगळ येथे उतरवीत असे. त्याची 'लँकेस्ट्रियन' विमाने म्हणजे 'लँकेस्टर' या प्रसिद्ध बाँबफेकी विमानाचे प्रवासी रूप होय. बाँब वाहण्यासाठी आखलेले विमान प्रवाशांसाठी बदलले गेले आणि अखेर बंदुका वाहू लागले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने हा प्रकार संपला. पुढे कॉटनवर लंडनमध्ये खटला होऊन त्याला दंड झाला. म्हणजे ज्या उड्डाणांची कोणी नोंद ठेवू नये अशी त्याची इच्छा होती, तीही अखेर न्यायालयाच्या कागदांत नोंदली गेली.

तिसरी कथा आम्हांला सर्वांत जवळची वाटते. ती आहे 'डेक्कन एअरवेज'च्या डकोटा विमानांची. निजामाची राज्य रेल्वे आणि टाटा यांच्या भागीदारीतून १९४५ मध्ये ही कंपनी स्थापन झाली. बेगमपेठ हे तिचे घर होते. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची शेकडो डकोटा विमाने हिंदुस्थानात पडून होती. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात अशी अनेक विमाने प्रवासी वाहतुकीसाठी दुरुस्त झाली आणि देशातील नव्या कंपन्यांचा संसार त्यांवरच उभा राहिला. हैदराबादहून नागपूर, दिल्ली आणि मद्रासकडे ही विमाने जाऊ लागली. १९४७ च्या अखेरीस काश्मीरात सैन्य पोहोचवण्यासाठी सरकारने खासगी कंपन्यांची विमाने मागवली, त्यांत डेक्कन एअरवेजचीही होती. व्यावसायिक वैमानिक होणाऱ्या पहिल्या भारतीय महिला प्रेम माथुर यांना अनेक कंपन्यांनी नकार दिला असता संधी दिली ती याच कंपनीने. १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण झाले आणि ही कंपनी इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली.

मग तिच्या विमानांचे काय झाले? काही इंडियन एअरलाइन्सच्या रंगात आणखी वर्षानुवर्षे उडत राहिली. काहींचा शेवट अपघातात झाला. २१ नोव्हेंबर १९५१ रोजी कलकत्त्याच्या दमदम विमानतळावर उतरू पाहणारे तिचे एक डकोटा अंधूक हवेत कोसळले आणि आतील जवळजवळ सर्व माणसे मरण पावली. इतर अनेकांच्या नशिबी भंगारवाल्याचा हातोडा आला. देणगीच्या विमानाला संग्रहालय लाभले, शस्त्रे वाहणाऱ्या विमानांची दखल न्यायालयाने घेतली. माणसांना, पत्रांना आणि सामानाला रोज वाहून नेणारी ही साधी विमाने मात्र बहुतांशी विस्मरणात गेली. संसारात राबणाऱ्या माणसाचेही पुष्कळदा असेच होते.

ओळख पटवताना सावध राहावे लागते, हे सांगणारे एक अलीकडचे उदाहरण आहे. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाचा क्रमांक 'व्हीपी ९०५' होता. २०१८ मध्ये राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या वैमानिक वडिलांच्या प्रीत्यर्थ भारतीय वायुदलाला एक डकोटा भेट दिले. ते इंग्लंडहून उडत आले, 'परशुराम' हे नाव आणि 'व्हीपी ९०५' हाच क्रमांक धारण करून. परंतु ते श्रीनगरला गेलेले विमान नव्हे. इंग्लंडमध्ये ते वेगळ्या नोंदणीने उडत होते. कर्त्या पूर्वजाचे नाव नातवाला ठेवावे, तसा हा सन्मान आहे आणि तो शोभूनही दिसतो. पण नातू म्हणजे आजोबा नव्हे, हे वहीत स्वच्छ लिहिलेले असावे लागते. उलट 'एफ १०१०' चे पंख नवे असले, तरी ते विमान तेच आहे, कारण त्याच्या मूळ धडाची कहाणी मध्ये कोठेही तुटलेली नाही.

बेगमपेठ विमानतळावरील नियमित प्रवासी वाहतूक मार्च २००८ मध्ये शमशाबादला गेली. बेगमपेठेच्या धावपट्टीवर डकोटा उतरताना पाहणारे वृद्ध आज आपल्या कुटुंबांतून एकेक करून निघून जात आहेत. काचीगुडा, सुलतान बाजार, बरकतपुऱ्यातील जुन्या घरांत, पत्र्याच्या पेट्यांत, एखादे छायाचित्र अजून असेल : विमानाच्या शिडीशी उभे काका, गळ्यात हार, मागे शेपटीची अक्षरे अर्धीमुर्धी दिसत आहेत. वाचकांना आमची विनंती आहे की, असे छायाचित्र हाती आल्यास केवळ काकांचे नाव लिहून थांबू नये. पाठीमागे पेन्सिलीने शेपटीवरची अक्षरे, साल, गाव आणि प्रवासाचे कारण लिहावे. तिकिटाचा तुकडा किंवा सामानाची चिठ्ठी सापडली तर तीही त्याच पाकिटात ठेवावी. तीन अक्षरे जुळली, की ते विमान कोणत्या कारखान्यात जन्मले, युद्धात कोठे होते आणि कोठे संपले, हे शोधता येते. मग काकांचा तो एक दिवसही एका मोठ्या इतिहासात आपल्या जागी जाऊन बसतो.