दवाखान्याचा गणवेश, घरची धुलाई

बालाघाट जिल्ह्यातल्या लामत्यासारख्या गावात परिचारिकेचा गणवेश बहुधा घरीच धुतला जातो. म्हणून पद्धत महत्त्वाची! तो झटकू नये, घरच्या कपड्यांत मिसळू नये.

ब्रिटनच्या आरोग्यसेवेची शिफारस आहे ६० अंश सेल्सिअसला १० मिनिटे. पण डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने सहा घरगुती वॉशिंग मशीन तपासली, आणि २०२५ मध्ये निष्कर्ष आला: झटपट धुलाईत निम्म्या मशीनमध्ये कपडे निर्जंतुक झालेच नाहीत.

मशीनच नसेल तर?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलेली रीत सोपी आहे. कपडे साबणाच्या गरम पाण्यात काठीने ढवळायचे, ते पाणी ओतून टाकायचे, ०.०५ टक्के क्लोरीनच्या पाण्यात अर्धा तास बुडवायचे, मग स्वच्छ पाण्यातून काढून उन्हात पूर्ण वाळवायचे. क्लोरीनमध्ये ॲसिड कधीही मिसळू नये. विषारी वायू सुटतो.