मळीच्या पाण्यातले जांभळे जीव

गाळपाच्या दिवसांत साखर कारखान्याच्या गावाला गेलात, की गावात शिरण्याआधीच एक वास तुम्हाला गाठतो. गोडसर, आंबूस, नाक दाबायला लावणारा! साखर काढून झाल्यावर उरते काळी, चिकट मळी. ती आंबवून अल्कोहोल बनवतात. पण गंमत बघा, एक लिटर अल्कोहोलमागे उरतं साधारण ८ ते १५ लिटर सांडपाणी. कारखान्यातले लोक त्याला ‘स्पेंटवॉश’ म्हणतात. कोऱ्या चहाहून गडद, गरम आणि आंबट. हे तसंच ओढ्यात गेलं, तर त्यातलं खाद्य फस्त करता करता जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. मग बिचारे मासे गुदमरतात.

आता भेटा ऱ्होडोबॅक्टरला. तळ्याच्या चिखलात राहणारा हा इवलासा जिवाणू. बाटलीत वाढवला तर पाणी जांभळट-लाल दिसू लागतं. झाडांसारखाच हाही उजेडावर जगतो, आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाशसुद्धा वापरतो. पण झाडं पाणी फोडतात आणि प्राणवायू सोडतात, हा तसं करत नाही. त्याला हवी असतात व्हिनेगरमध्ये असतात तसली आम्लं. स्पेंटवॉश आधी दुसऱ्या जिवाणूंकडून आंबवून घेतला, की ही आम्लं त्यात भरपूर तयार होतात.

याच्या पोटात नायट्रोजिनेज नावाचं एक एन्झाइम आहे. हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींतही तेच असतं. त्याचं खरं काम नायट्रोजनपासून अमोनिया बनवायचं. पण नायट्रोजन मिळालाच नाही तर? ते स्वस्थ बसत नाही, नुसता हायड्रोजन बनवत सुटतं! १९४९ साली अमेरिकेत हॉवर्ड गेस्ट आणि मार्टिन केमेन यांना अशाच एका जांभळ्या जिवाणूच्या भांड्यात हायड्रोजन सापडला. मला ही गोष्ट फार आवडते. कारण हा वायू जळला, की धूर नाही, काजळी नाही. तयार होतं ते पाणी! आणि एक किलो हायड्रोजनमध्ये एक किलो पेट्रोलच्या जवळजवळ तिप्पट ऊर्जा असते.

मग सगळ्या कारखान्यांत जांभळ्या टाक्या का नाहीत? मोठी अडचण आहे स्पेंटवॉशच्या रंगाची. त्या गडद तपकिरी पाण्यात उजेडच शिरत नाही, आणि उजेड नाही तर हायड्रोजनही नाही. म्हणून शास्त्रज्ञ ते पाणी पातळ करतात, त्याचा रंग कमी करतात, भांडी चपटी घेतात. चपटी कशाला? कोरा चहा गार झाला, की एका अरुंद ग्लासात आणि एका रुंद बरणीत ओता. दोन्हींच्या मागे टॉर्च धरा आणि पुढून बघा!