बुडालेल्या जहाजाचा हिशेब

पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील जनित्रे फिरवून बाहेर पडणारे कोयनेचे पाणी वाशिष्ठीच्या पात्रातून दाभोळपाशी अरबी समुद्राला मिळते. त्याच समुद्रात, दीवच्या किनाऱ्यापासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर, ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री पावणेनऊच्या सुमारास 'आय.एन.एस. खुकरी' ही भारतीय नौदलाची युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. जहाज अवघ्या काही मिनिटांत तळाला गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्याच्याबरोबर गेले. त्यांत जहाजाचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला हेही होते. शक्य तितक्या सहकाऱ्यांना जहाज सोडण्यास सांगून, स्वतःचे जीवरक्षक साधन एका नौसैनिकाला देऊन ते जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीरचक्र देण्यात आले.

डिसेंबर उजाडला की या घटनेचे स्मरण होते. यंदा ते वेगळ्या निमित्ताने झाले. जबाबदारी आणि अधिकार यांचे नाते समजावून देण्यासाठी प्रस्तुत लेखकाने आपल्या वर्गाला 'इन विच वुई सर्व्ह' हा १९४२ चा इंग्रजी चित्रपट दाखविला. अर्थशास्त्राच्या तासाला युद्धपट कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. पण निर्णय कोण घेतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा अर्थशास्त्राचा मूळचाच प्रश्न आहे, आणि तो बुडत्या जहाजावर जितका उघडा पडतो तितका ताळेबंदात पडत नाही.

कप्तान आणि भ्यालेला खलाशी

नोएल कॉवर्ड यांनी हा चित्रपट लिहिला, त्यात कप्तानाची भूमिका केली आणि डेव्हिड लीन यांच्यासह त्याचे दिग्दर्शनही केले. त्यातील 'टॉरिन' हे जहाज काल्पनिक असले तरी त्यामागची 'केली' ही विनाशिका खरी होती. २३ मे १९४१ रोजी क्रीटच्या लढाईत जर्मन विमानांनी ती बुडविली. तिचे कप्तान होते लॉर्ड माउंटबॅटन. हिंदुस्थानचे शेवटचे व्हाइसरॉय म्हणून ते पुढे आपल्या परिचयाचे झाले. युद्ध ऐन भरात असताना आपलेच जहाज बुडालेले पडद्यावर दाखवावे, ही कल्पना ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाला प्रथम रुचली नव्हती. माउंटबॅटन यांनी मध्ये पडून चित्रपटाचा मार्ग मोकळा केला.

या चित्रपटातील एक प्रसंग मनात घर करून राहतो. हल्ला चालू असताना एक कोवळा खलाशी भीतीने आपली जागा सोडून पळतो. (ही लहानशी भूमिका रिचर्ड अॅटनबरो यांची. पुढे १९८२ मध्ये 'गांधी' हा चित्रपट काढणारे तेच.) नंतर कप्तान सर्वांना जमवून सांगतो की, त्या मुलाला आपण केवळ ताकीद देऊन सोडले आहे आणि तशीच ताकीद आपण स्वतःलाही दिली आहे. कारण युद्धात आपल्याकडून काय अपेक्षा आहे हे त्या मुलाला समजावून देण्यात कप्तान म्हणून आपणच उणे पडलो. खालच्याची चूक वरच्याच्या खात्यावर मांडली गेली पाहिजे, हा विचार याहून स्वच्छपणे क्वचितच पडद्यावर आला असेल.

परंतु चित्रपट एका पायरीवर येऊन थांबतो. खलाशाच्या भीतीला जर कप्तान जबाबदार, तर कप्तानाच्या दुर्दैवाला कोण? विमानांचे पुरेसे संरक्षण नसलेल्या समुद्रात ही जहाजे कोणी आणि कोणत्या हिशेबाने पाठविली? हा प्रश्न पटकथेच्या वाटेला जातच नाही. जबाबदारी खालून वर चढत कप्तानाच्या कठड्यापर्यंत येते आणि तेथेच तिचे स्मारक होते. युद्धकाळात काढलेल्या चित्रपटाकडून याहून अधिक मागणे अन्यायाचे ठरेल. पण युद्ध संपल्यावरही आपण प्रेक्षक तेथेच थांबून राहावे, हे मात्र बरोबर नाही.

'खुकरी'वरचे प्रश्न

'खुकरी'च्या बाबतीत आपण बराच काळ असेच थांबलो होतो. ही १९५८ मध्ये नौदलात दाखल झालेली ब्रिटिश बनावटीची पाणबुडीविरोधी फ्रिगेट. तिच्यासमोर होती फ्रेंच बनावटीची, तुलनेने नवी पाणबुडी. पाण्याखालचा शत्रू ध्वनिलहरींनी हुडकणाऱ्या सोनार यंत्रणेचा पल्ला पाणबुडीकडे अधिक होता. म्हणजे शिकाऱ्याला सावज दिसण्यापूर्वीच सावजाला शिकारी दिसत होता. हा पल्ला वाढविण्याचा एक प्रयोग त्या वेळी 'खुकरी'वर चालू होता व त्यासाठी जहाजाचा वेग कमी ठेवण्यात आला होता, हे नौदलाच्या इतिहासात पुढे नमूद झाले. सोबतच्या 'किरपाण'ची पाणबुडीविरोधी तोफ ऐन वेळी दगा देऊन बसली आणि स्वतःवरचा हल्ला चुकवीत तिला दूर जावे लागले. पाण्यात पडलेल्यांना मदत मिळाली ती दुसऱ्या दिवशी. वाचलेल्यांची संख्या ६७ होती.

यातले कोणतेही वाक्य मुल्ला यांच्या शौर्याला उणेपणा आणीत नाही. उलट, अपुऱ्या साधनांनिशी समुद्रात उतरलेल्या माणसाचे धैर्य त्यामुळे अधिकच उठून दिसते. पण हे प्रश्न मोकळेपणाने पुस्तकांत येऊ लागले ते जवळजवळ तीन दशकांनंतर. तोपर्यंत आपल्या डोळ्यांसमोर एकच चित्र होते: बुडत्या जहाजावर शांतपणे उभा असलेला कप्तान. चित्र खरे आहे आणि वंदनीयही आहे. मात्र त्या चित्राच्या तेजात एक गोष्ट आपल्याला दिसेनाशी झाली. कप्तानाने प्राण दिले, तेव्हा खाते चुकते झाले, असे आपण मनोमन धरून चाललो. वस्तुतः कप्तानाने जहाजाबरोबर बुडावे असा नौदलाचा नियम नाही, तो संकेत आहे. कप्तानाचे कर्तव्य माणसे वाचविणे हे असते, आणि मुल्ला यांनी अखेरच्या क्षणापर्यंत केले ते हेच. त्यांचे मरण हे त्या कर्तव्याचे मोल होते. इतरांच्या निर्णयांची भरपाई म्हणून ते जमेस धरता येणार नाही.

जगलेला कप्तान

चित्रपट संपल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कप्तान जगला असता तर लोकांनी त्याला दोष दिला असता का?" या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या 'इंडियानापोलिस' या जहाजाने देऊन ठेवले आहे. अणुबाँबचे भाग टिनियन बेटावर पोचवून पुढे निघालेली ही युद्धनौका ३० जुलै १९४५ रोजी जपानी पाणबुडीने बुडविली. जवळजवळ बाराशे माणसांपैकी ३१६ वाचली. बरेचसे लोक जहाजाबरोबर नव्हे, तर नंतरच्या चार दिवसांत पाण्यात मेले. कारण जहाज बंदरात आले नाही, ही गोष्ट कोणाच्या लक्षातच आली नाही. कप्तान चार्ल्स मॅक्व्हे यांनी मागूनही सोबतीला विनाशिका मिळाली नव्हती. तरीही लष्करी न्यायालयासमोर उभे राहिले ते मॅक्व्हेच. जहाज नागमोडी चालविले नाही, हा त्यांचा अपराध ठरला. तसे चालविले असते तरी मी ते बुडविलेच असते, अशी साक्ष शत्रूच्या पाणबुडीचे कप्तान हाशिमोतो यांनी दिली. तीही उपयोगी पडली नाही. १९६८ मध्ये मॅक्व्हे यांनी आत्महत्या केली. अमेरिकी काँग्रेसने त्यांना निर्दोष म्हटले ते २००० मध्ये.

एक कप्तान बुडाला, त्याला पदक मिळाले. दुसरा वाचला, त्याला शिक्षा मिळाली. दोन्ही न्याय एकमेकांच्या विरुद्ध दिसतात, पण दोहोंचा परिणाम एकच झाला. सर्वांची नजर कप्तानावर खिळली आणि ज्या कचेऱ्यांत नकाशे पसरले होते, त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही. ज्याला निर्णयाचा खर्च सोसावा लागत नाही, तो निर्णय पुन्हा तसाच घेण्याची शक्यता असते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो.

हा प्रश्न केवळ समुद्रावरचा नाही. आमच्या चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसच्या आसपास माणसे प्राणाला मुकली. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन जबाबदार मंत्र्यांनी धरणफुटीचा दोष खेकड्यांना दिला होता, हे वाचकांच्या स्मरणात असेल. महाराष्ट्र त्यावर हसला. पण कोकणातल्या माणसाला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. या किनाऱ्यावर गलबत घेऊन निघालेला तांडेल वाऱ्याला दोष देत नाही; कोणत्या वाऱ्यात निघालो हे तो आधी सांगतो. बोट उलटली तर गावात परतून प्रत्येक घरच्या माणसांना तोंड देणे हे त्याचे काम असते. जबाबदारी या शब्दात जबाब आहे, याचा विसर त्याला पडत नाही.

मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली दुसरी 'खुकरी' १९८९ मध्ये नौदलात आली, २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि आता दीवमध्ये पहिल्या 'खुकरी'च्या स्मारकाच्या सान्निध्यात आहे. नाव जपले गेले, हे योग्यच झाले. त्या रात्रीवर कधी चित्रपट निघाला, तर त्यात कप्तान मुल्ला यांचे अखेरचे क्षण असतीलच. प्रस्तुत लेखकाची अपेक्षा इतकीच आहे की, त्यात आणखी एक दृश्य असावे: दूर किनाऱ्यावरची एक खोली, टेबलावरचा नकाशा आणि वेग, पल्ला, जहाजांची संख्या यांवर चाललेली चर्चा. त्या खोलीतील माणसांना खलनायक करण्याचे कारण नाही. त्यांनीही युद्धाच्या घाईत हाताशी होते त्या साधनांनीच निर्णय घेतले असतील. पण ते काय होते आणि का होते, हे १७६ खलाशांच्या घरच्यांना कळले पाहिजे. पदक स्वीकारताना त्यांनी हा प्रश्न विचारला नाही, म्हणून त्याचे उत्तर देण्याचे ऋण फिटत नाही.