कळलावीचा कंद खणू नका, औषध बियांत आहे!

श्रावणात रानातून जाताना करवंदीच्या जाळीवर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखं फूल दिसलं, की ती कळलावी, हे तुम्हाला सांगायला नको. कुणी तिला खड्यानागही म्हणतात. दारात लावली तर घरात भांडणं लागतात म्हणून बायका तिला अंगणात येऊ देत नाहीत. (वेल नसलेल्या घरांतही भांडणं होतातच म्हणा!)

या वेलीत कोल्चिसीन नावाचं अल्कलॉइड असतं. पायाचा अंगठा रातोरात सुजून ठणकतो त्या वातरक्तावरचं, म्हणजे गाऊटवरचं, हे जुनं औषध. पेलेतिये आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८२० साली ते युरोपातल्या कोल्चिकम या कंदाच्या रानफुलातून काढलं. तेच द्रव्य आपल्या बांधावर आहे.

ते काढतात कसं? सुक्या बिया दळायच्या, त्यातलं तेल आधी काढून टाकायचं, मग भुकटी अल्कोहोलमध्ये भिजवून अर्क घ्यायचा. अर्क आटवून, पाणी घालून गाळला की क्लोरोफॉर्मसारख्या द्रावणात कोल्चिसीन उतरतं. शेवटी त्याचे फिकट पिवळे स्फटिक करतात. उजेडात ते बिघडतं म्हणून अंधारात ठेवावं लागतं. शंभर किलो बियांमागे जेमतेम किलोभर हाती येतं. हे काम कारखान्याचं, चुलीवरचं नव्हे!

आता मुद्द्याचं. कंदापेक्षा बियांत कोल्चिसीन जास्त असतं. तरीही पोत्यापोत्यानं खणले जातात ते कंदच. बी घेतलं तर वेल पुढच्या पावसाळ्यात परत उगवते, कंद नेला की ती जागा संपली. त्याचा डोळा टोकाला असतो, टोक मोडलं तर उरलेला तुकडा रुजतही नाही. तमिळनाडूत मूलनूर-धारापुरम भागातले शेतकरी मांडव घालून कळलावी लावतात, हातानं परागीभवन करतात आणि बी विकतात. भाव मात्र फार खालीवर होतो, तेव्हा गिऱ्हाईक ठरवल्याशिवाय लागवडीत पैसा घालू नका.

आणखी एक. रताळं किंवा रानकंद समजून हा कंद खाल्लेली माणसं दगावली आहेत. आधी काही तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब सुरू होतात. यावर हुकमी उतारा नाही. घरगुती उपायात वेळ न घालवता थेट मोठा दवाखाना गाठा, आणि उरलेला कंद डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या. अडलेल्या बाळंतिणीला हा कंद उगाळून लावायची जुनी चाल आहे, तीही आता सोडा.

शेंगा तडकून लाल बिया दिसू लागल्या की त्या तोडा. थोड्या वेलीवरच राहू द्या. आणि हात साबणानं धुतल्याशिवाय भाकरीला लावू नका.