मातृभाषेच्या रकान्यात काय लिहू?

आपल्या मंडळाची कुटुंबसूची फार जुनी झाली आहे, म्हणून ती यंदा ऑनलाइन करायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटल्यावर नातेवाइकांचे बिघडलेले प्रिंटरसुद्धा माझ्याकडेच येतात, हा तर साधा फॉर्म होता. नाव, पत्ता, मूळ गाव, मातृभाषा. शनिवारी रात्री तो तयार केला आणि चाचणी म्हणून घरातलीच माणसं भरायला घेतली. आई : मराठी. मी : मराठी. बायको : गुजराती. लेक... आणि तिथे माझा हात थांबला.

लेक पाच वर्षांची आहे. आईशी गुजराती बोलते, आजीशी मराठी आणि भांडताना जी आठवेल ती. मी ‘मराठी’ लिहिणारच होतो. पण रकान्याची व्याख्या पाहिल्याशिवाय पुढे न जाण्याची धंद्याची सवय आहे, म्हणून जनगणनेचा नियम काय आहे ते पाहिलं. २०११ च्या सूचनांप्रमाणे, लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलते ती त्याची मातृभाषा. वडिलांची भाषा, आडनाव, मूळ गाव यांचा त्यात काही संबंध नाही. म्हणजे नियमाने माझी लेक गुजराती. पुढे ‘येणाऱ्या इतर भाषा’ असा वेगळा प्रश्न आहे. तिथे आणखी दोन भाषा लिहिता येतात. लिहिता-वाचता आलंच पाहिजे असं नाही, पण बोलता आणि समजता यायला हवं.

सकाळी चहा पिताना आईला हे सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे या घरातली मराठी तुझ्यावर संपली का रे?”

उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आकड्यांकडे वळलो. बडोदा शहरात १९०१ साली जेमतेम लाखभर माणसं होती. २०११ मध्ये आजूबाजूच्या वस्तीसह ती १८ लाखांवर गेली. ही माणसं एकदम आली नाहीत. अठराव्या शतकात गायकवाडांबरोबर शिलेदार आणि कारकून आले. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८७५ ते १९३९, शाळा, कचेऱ्या आणि ग्रंथालयं वाढली, तसे शिक्षक आणि अधिकारी आले. दांडिया बाजार, रावपुरा या आपल्या जुन्या वस्त्या. प्रजा मात्र बहुतेक गुजरातीच होती, आणि महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते या सगळ्यांसाठी. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली, वारसियात वसली. १९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली, शेजारी खतांचे आणि पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि केरळपासून पंजाबपर्यंतची माणसं इथली झाली. माझ्या वर्गात हजेरी घेताना बाईंची जीभ पाच राज्यांतून फिरायची.

या सगळ्यांत आपण किती? २०११ मध्ये संपूर्ण गुजरातेत मराठी मातृभाषा सांगणारे नऊ लाखांच्या वर होते, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे दीड टक्का.

मी आईला म्हटलं, “आपल्या ओळखीतली मराठी घरं सांग.” तिने बोटं मोडायला सुरुवात केली. “जुन्या वाड्यातले पुण्याला गेले. समोरच्यांची दोन्ही मुलं अमेरिकेत. डॉक्टरांच्या घरी आता फक्त काकू.” अकरा घरांवर ती थांबली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “काय करी ऱ्हायनी माय?” आणि लेकीने तिकडूनच उत्तर दिलं, “पोळी लाटते, मावशी!”

मावशी आमच्याकडे पोळ्यांना येतात. मूळच्या साक्रीकडच्या. नवरा कारखान्यात, दोन मुलं गुजराती शाळेत. गेली चार वर्षं माझी लेक आजीच्या खालोखाल मराठी कोणाशी बोलत असेल तर मावशींशी. पण आईच्या अकरा घरांत मावशींचं घर नव्हतं. मीही त्यांना सूचीचा फॉर्म पाठवणार नव्हतो. कोणी मुद्दाम वगळलं नव्हतं. आम्हाला सुचलंच नव्हतं, आणि मला वाटतं हे जास्त वाईट.

गंमत म्हणजे जनगणनेतही त्या निसटू शकतात. ‘अहिराणी’ असं सांगितलं तर ती नोंद मराठीत धरली जात नाही, ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली जाते. एकाच छपराखाली अहिराणी बोलणाऱ्या मावशी, गुजराती ठरलेली माझी लेक, आणि ‘मला उद्या फावेल’ असं म्हणणारी माझी आई. पुण्यातल्या मावसभावाला वाटतं तिला रिकामा वेळ आहे. आम्हाला कळतं की तिला सोयीचं आहे. यांतली शुद्ध मराठी कोणाची, हे ठरवायला बसलो तर सूचीत कोणीच उरणार नाही.

रात्री बायकोला विचारलं, “तू लेकीशी मराठीत बोलशील का?” ती म्हणाली, “बोलेन की. पण रागावले की गुजरातीच येणार.” मग हसून म्हणाली, “पहिला रकाना माझ्यामुळे भरला. दुसरा तू भर ना.”

तिचं बरोबर होतं. हिशेब केला तर लाजच वाटली. आठवड्याभरात मी लेकीशी मराठीत काय बोलतो? ‘चल’, ‘लवकर’, ‘मोबाइल ठेव’. मराठी टिकवण्याची चिंता मी मंडळाच्या बैठकीत करत होतो आणि प्रत्यक्ष काम आई आणि मावशी करत होत्या. आता रात्रीची गोष्ट माझ्याकडे आहे. रोज एक, मराठीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत. कधी गोष्ट संपायच्या आधी मीच झोपतो, तरी चालतं.

फॉर्ममध्येही बदल केला. ‘मातृभाषा’ हा रकाना काढला. त्याऐवजी विचारलं आहे : ‘तुमच्या घरी मराठी कोण कोणाशी बोलतं?’ कार्यकारिणीतल्या एका काकांनी विचारलं, “याचा तक्ता कसा करणार?” खरं आहे, करणं अवघड आहे. ते मी बघून घेईन.

पहिली नोंद मावशींच्या कुटुंबाची झाली. त्यांनी मोबाइल हातात घेऊन विचारलं, “आमचं पण नाव घालायचं?” कोजागरीला चौघं येणार आहेत. लेकीच्या पुढे मी लिहिलं : आजीशी, मावशींशी, आणि हल्ली बाबाशी.

फॉर्मची लिंक तुम्हाला या आठवड्यात येईल. भरताना आपल्या घरात रोज येणाऱ्या, पण आपण कधी मोजत नसलेल्या माणसांची आठवण ठेवा. त्यांनाही लिंक पाठवा.