अठरा ते वीसमधली दोन वर्षं

नको असलेल्या लग्नातून पळालेली मुलगी पोलिसांपर्यंत पोचली की सुटका झाली असं आपण मानतो. 2006च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने तिला अठराच्या आत लावलेलं असं लग्न रद्द करून घेण्याचा हक्क दिला, पण विसाव्या वर्षापर्यंतच. अठराच्या आत अर्ज करायचा तर पालक किंवा तिच्या वतीने दावा करणारा वादमित्र लागतो, सोबत बालविवाह प्रतिबंधक अधिकारीही. लग्न लावणारे तर पालकच; आणि खेड्यात तो अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्याला त्याच गावकारभाऱ्यांबरोबर रोज काम करायचं असतं. मग तिच्या हाती खऱ्या अर्थाने अठरा ते वीस एवढीच वर्षं उरतात, आणि सुटकेनंतरचा बालगृहातला मुक्काम नेमका अठराव्या वर्षी संपतो. बाल न्याय कायद्याचं 46वं कलम एकविशीपर्यंत आर्थिक आधार देऊ करतं. तो आधार तालुक्यापर्यंत पोचला नाही, तर ती ज्या घरातून निघाली तिथेच परतते आणि मुदत निघून जाते.

माण, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात लोक विचारतात, आईबाप ऊसतोडीला गेल्यावर वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची? प्रश्न खरा आहे, पण त्याचं उत्तर वसतिगृह आहे, नवरा नव्हे. समजूत घालून नांदायला पाठवा, असंही सांगितलं जातं. 1887मध्ये मुंबईच्या न्यायालयाने, लहानपणी लावलेल्या लग्नात नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना तेच फर्मावलं, नाहीतर तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. हा करारीपणा त्यांचा स्वतःचा, तरी सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घराचं छप्पर आणि तिथे मिळालेलं शिक्षण त्यांच्या पाठीशी होतं, हे विसरता येत नाही. पुढे त्या डॉक्टर झाल्या. तसा निवारा आजच्या मुलींनाही हवा. तो कोंडवाडा होईल, ही शंका मात्र रास्त आहे. देहव्यापारातून ‘सोडवलेल्या’ सज्ञान बायकांना मर्जीविरुद्ध डांबू नये, असं सांगलीची वेश्या अन्याय मुक्ती परिषद सांगत आली आहे. 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अशा निवारागृहांची पाहणी करायला सांगितलं. म्हणून वसतिगृहाच्या दाराची किल्ली मुलीकडे आणि बँकेचं खातं तिच्या नावावर हवं. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा परवान्याचा अर्ज सभासद निरक्षर म्हणून आधी नाकारला गेला होता. बायका लिहायला-वाचायला शिकल्या आणि 1997मध्ये बँक उभी राहिली. या मातीत ही कुवत आहे.

2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 20 ते 24 वयाच्या 21.9 टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. सातारा आणि सांगलीच्या जिल्हा नियोजन समित्यांनी पुढच्या आराखड्यात म्हसवड, आटपाडी आणि जतला अशा लग्नातून बाहेर पडू पाहणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह आणि पूर्णवेळ वकील यांची तरतूद करावी.